पडद्यांचं कुणी सांगितलंच नाही

मित्रांनो, रुग्णालयाच्या तळमजल्यावर पडून असलेला मी एक म्हातारा एमआरआय. पोट पोकळ, तोंड कायम उघडं आणि आवाज असा, की माणसं कानांत बोळे घालूनच माझ्या आत शिरतात. चुंबकाच्या जोरावर मी त्यांच्या मेंदूची चित्रं काढतो. नवा होतो तेव्हा मला बघायला डॉक्टरांची रीघ लागायची.

पुढे मला एका अभ्यासाला जुंपलं. मनाचे दोन आजार. नैराश्यात माणूस खाली खाली जातो. द्विध्रुवी आजारात तो खाली जातोच, पण मधेच उधाण आल्यासारखा वरही चढतो. खाली असताना दोन्ही आजार जुळ्या भावंडांसारखे दिसतात. औषधं मात्र वेगळी. मेंदूतला फरक मी शोधायचा होता.

एकदा एक शिंपीण आली. मी लोखंड हिसकावून घेतो, म्हणून तिची ताई तिच्या ब्लाउजला अडकलेल्या टाचण्या काढत होती.

"ताई, ते पडद्यांचं सांगू या का? न झोपता अख्ख्या गल्लीला शिवून दिले होते ते?"

"ते कशाला? तेव्हा तर ठणठणीत होतीस. आजार दाखवायला आलोय, कौतुक करून घ्यायला नाही. हात वर कर."

मग दारातच ताईनं डॉक्टरांना विचारलं, "फोटोत कळेल ना, नक्की कुठला आजार ते?"

"शेकडो जणांची चित्रं एकत्र ठेवली की थोडा फरक दिसतो. एकटीच्या चित्रावरून नाही सांगता येत. तुम्ही सांगाल त्यावरच सगळं. कधी फार उत्साहात असायची?"

"नाही हो. बरी असायची तेव्हा बरीच असायची."

नैराश्याचं औषध सुरू झालं आणि तिला उधाण आलं. गिऱ्हाइकांचे शिवून तयार असलेले कपडे उसवून ती नव्यानं बेतू लागली. लग्नाचेसुद्धा. दुकान बसलं. नवरा मुलीला घेऊन वेगळा झाला. आजार द्विध्रुवी निघाला. औषध बदललं, पण तोवर ती फार खोल गेली होती. पुन्हा माझ्यात निजवली, तेव्हा तंत्रज्ञ काचेपलीकडून विचारत राहिला, "ऐकू येतंय ना?"

"मला वाटलं, पडदे शिवले तेवढेच दिवस ती सुखात होती," ताई त्याला म्हणाली.

आता मला मोडीत काढणार आहेत. येणारा नवा म्हणे माझ्याहून ताकदवान आहे. तोही एकट्या माणसाच्या डोक्यात बघून हा निवाडा करू शकणार नाही.

म्हणून मित्रांनो, घरातल्या माणसाला डॉक्टरकडे न्याल तेव्हा त्याच्या रडण्याबरोबर त्याचं न झोपता हसणंही सांगा. त्या दोघी बहिणींचं बोलणं मी ऐकलं होतं. पण मला नुसती ठोकाठोक येते, बोलता येत नाही.