मी सांगितलं तरी

“...आणि खाली दिलेल्या चौकटीत आपले बारा शब्द क्रमाने भरा.”

चंद्रप्रभाबाईंनी वाक्य संपवलं, पुढच्या ओळीवर नजर टाकली आणि ती न वाचताच मान वर केली. काचेपलीकडे हरिओम हेडफोन लावून बसला होता.

“हरिओम, हे मागच्याच्या उलट नाही का?”

“काय मॅडम?”

“मागच्या वेळी आपण वाचलं, बारा शब्द कुणालाही देऊ नका. आज म्हणतायत चौकटीत भरा.”

हरिओमनं मोबाईलवर आलेला मजकूर वर-खाली केला. “अपडेट असंल. वर ‘सुरक्षा तपासणी’ लिहिलंय बघा. पार्टी मागचीच हाय. सकाळपासून फाइल मागून राहिलेत, माझं डोकं खाल्लंय.”

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. लातूरची गाडी चुकली असती तर पुढची गच्च भरून आली असती. त्यांनी घोटभर पाणी घेतलं, कागद सरळ केला आणि उरलेलं वाचून टाकलं. कंधारकरबाई एका दमात वाचतात, दुसरा टेक लागत नाही, असा त्यांचा लौकिक होता. आजही लागला नाही.

नांदेडला रेडिओवर संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम त्यांनी वर्षानुवर्षं वाचला होता. नोकरी कधी पक्की झाली नाही, पण आवाज घराघरांत पक्का झाला. हरभऱ्यावरची घाटेअळी, कापसावरचा मावा, फवारणीचं प्रमाण. मजकुरातलं काही कळलं नाही तर त्या कृषी खात्याच्या माणसाला बाहेरच्या बाकावर गाठून विचारायच्या. “मलाच कळलं नाही तर ऐकणाऱ्याला काय कळणार?” असं म्हणायच्या. पती वसंतराव गेल्यावर त्या लातूरला मुलाकडे, वरदकडे आल्या. मुलगा चांगला, सून मालविका चांगली. पण सकाळी दोघं कामावर गेली की फ्लॅटमध्ये बोलायला कुणी नसे. दुपारी फोन आला आणि ‘हॅलो’ म्हटलं की आपलाच आवाज गंजल्यासारखा लागे. म्हणून रेडिओवर पूर्वी ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या हरिओमनं नांदेडच्या वजिराबादेतल्या एका गल्लीत स्वतःचा स्टुडिओ टाकला आणि बोलावलं, तेव्हा त्या लगेच आल्या. दुकानांची उद्घाटनं, शिकवण्यांच्या जाहिराती, काय येईल ते वाचायचं आणि संध्याकाळी लातूर गाठायचं.

त्यातच ते क्रिप्टोचं, इंटरनेटवरच्या आभासी चलनाचं काम आलं होतं. नवख्या माणसानं ब्राउझरमध्ये वॉलेट, म्हणजे त्या चलनाचं पाकीट, कसं उघडायचं, याचा मराठी व्हिडिओ. बाईंनी कागद खाली ठेवला होता. “हे पाकीट असतं कुठं? मला दाखव आधी.”

मग हरिओमनं त्यांच्यादेखत, त्यांच्याच नावानं एक उघडून दाखवलं. “आधी खरी साइट कोणती ते नीट बघायचं. सारख्या नावाच्या नकली लई असतेत.” ब्राउझरच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र आलं. पासवर्ड घातला. आणि पडद्यावर बारा इंग्रजी शब्द उमटले. अगदी साधे, मुलांच्या पहिल्या पुस्तकातले वाटावेत असे.

“ही किल्ली,” हरिओम म्हणाला. “कॉम्प्युटर बिघडला, पासवर्ड विसरला, तरी ह्या बारा शब्दांवर पाकीट परत उघडतंय. फक्त कागदावर लिहायचे. फोटो न्हाई काढायचा, मोबाईलमधी न्हाई ठेवायचे. दुसऱ्याच्या हाती लागले की पाकीट त्याचं.”

“मग बँकेत तक्रार करायची.”

“बँकच न्हाई मॅडम. तिथं तक्रार घ्यायला कुणीच न्हाई बसलेलं.”

ते वाक्य बाईंच्या डोक्यात राहिलं होतं. म्हणून मग वाचताना ‘कुणालाही’ या शब्दाआधी त्या किंचित थांबल्या, आणि तो शब्द त्यांनी सावकाश, घरच्या माणसाला बजावावं तसा उच्चारला. व्हिडिओ खूप चालला, असं हरिओम नंतर सांगत होता.

आज मात्र ‘अपडेट असंल’ ऐकल्यावर आणखी काही विचारायला त्या थांबल्या नव्हत्या.

एस.टी. हलली आणि ती चौकटीची ओळ त्यांच्या मनात पुन्हा वाजायला लागली. दातात काहीतरी अडकावं आणि जीभ सारखी तिथंच जावी, तसं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पिशवी मांडीवरून खाली ठेवली, परत वर घेतली. तपासणी करायची तर करणाऱ्यानं करावी, त्याला किल्ली कशाला लागते? पण हरिओमला ह्यातलं जास्त कळतं. आणि पार्टी तीच होती.

“एक लातूर,” त्या कंडक्टरला म्हणाल्या.

शेजारची मुलगी झटकन वळली. बावीस-तेवीसची असेल, पाठीवरची बॅग पोटाशी धरून बसलेली. “काकू, तुम्ही ‘सावकाश करा, घाई नको’ म्हणता त्याच ना? वॉलेटच्या व्हिडिओतल्या?”

अशी ओळख पटणं बाईंना नवं नव्हतं. दुकानात, दवाखान्यात, कुठंही लोक आवाजावरून वळून बघायचे. आज मात्र त्यांनी आवाज खाली आणला. “हो. मीच.”

“अगं बाई! मी तुमचं ऐकूनच उघडलं की. मी ऋतुजा. शिरूर अनंतपाळची.” मुलगी भडाभडा बोलायला लागली. ती कॉम्प्युटरवर साड्यांच्या काठांची नक्षी काढायची. बाहेरदेशी एक बाई ती विकत घ्यायची आणि मोबदला त्या क्रिप्टोतच पाठवायची. “दिवाळीपासून करून राहिले. काढलं न्हाई त्यातलं काहीच. भावाचा लॅपटॉप वापरते, त्यो रोज बोलून दाखवतो. स्वतःचा घ्यायचाय. घरी आधी नगं म्हणत होते, फसवतेत म्हणून. पण आमचे बाबा म्हणले, आवाज ओळखीचा हाय, रेडिओवरच्या बाई हायत ह्या, त्या खोटं न्हाई सांगायच्या.”



“बारा शब्द तर मी आईलाबी न्हाई दाखवले,” ऋतुजा हसत म्हणाली. “तुम्ही सांगितलं ना, कुणालाही न्हाई. तुम्ही सांगता तसंच करते मी सगळं.”

“देऊ नकोस हां कुणाला,” बाई एकदम म्हणाल्या.

“न्हाई हो काकू.”

अजून एक वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ते कसं म्हणायचं? खात्री कुठं होती? ह्या हसऱ्या मुलीला उगाच घाबरवायचं, आणि उद्या ते खरंच नुसतं अपडेट निघालं तर? विचार करेपर्यंत गाडी लोह्याच्या स्टँडात वळली. बाई उठल्या.

“काकू, लातूर म्हणलात ना?”

“विसरले काहीतरी,” त्या म्हणाल्या आणि उतरल्या. मुलीचा नंबर घ्यायचं त्यांना सुचलंच नाही.

नांदेडकडे जाणारी जीप भरेपर्यंत त्या स्टँडाबाहेर येरझाऱ्या घालत राहिल्या. हरिओमला फोन लावला, तो उचलेना. जीपवाला आणखी दोन सवाऱ्यांसाठी ओरडत होता. “चल बाबा, त्यांचं भाडं मी देते,” बाई म्हणाल्या.

स्टुडिओचा जिना त्या कठड्याला धरून चढल्या. हरिओम डबा उघडून बसला होता.

“फाइल पाठवू नकोस.”

“पाठवून बी झाली, मॅडम. तुम्ही खाली उतरलात तवाच.”

“परत मागव. फोन लाव त्यांना. माझ्यासमोर.”

हरिओमनं फोन लावला. पलीकडचा माणूस खुशीत होता. एकच नंबर झालंय म्हणाला, बाईंच्या आवाजावर माणूस डोळे मिटून विश्वास टाकतो म्हणाला. हरिओमनं घसा साफ करून विचारलं, “साहेब, ते बारा शब्द भरून घ्यायचं काय हाय? ते तर कुणाला द्यायचे नसतेत ना?” फोन कट झाला. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा. नंतर तो लागलाच नाही.

हरिओम तसाच खुर्चीत बसून राहिला. “मला खरंच वाटलं न्हाई वो मॅडम. पयला व्हिडिओ सगळा खरा होता ना.”

“विश्वास बसावा म्हणूनच तो खरा होता,” बाई म्हणाल्या. “आणि मला वाटलं होतं, हरिओम. मी थांबले होते. थांबले आणि मग वाचलं.”

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या, माईकसमोर बसल्या. “चालू कर.”

समोर मजकूर नव्हता. “नमस्कार, मी चंद्रप्रभा कंधारकर,” एवढं झालं आणि पुढं शब्द येईनात. दुसऱ्यांदा आवाज कापला. तिसऱ्यांदा हरिओमच म्हणाला, “मॅडम, पाणी घ्या.” शेवटी जमलं ते असं: “माझ्या आवाजात कुणी तुमचे बारा शब्द मागितले, तर देऊ नका. तो आवाज माझाच आहे, पण ऐकू नका. मी सांगितलं तरी देऊ नका.” पुढं त्यांनी स्वतःचा नंबर सांगितला. शंका असेल त्यानं विचारावं म्हणून.

दोघांनी तो संदेश ज्याला त्याला पाठवला. रेडिओवरचे जुने सहकारी, भिशीतल्या बायका, हरिओमचे मंडपवाले आणि बँडवाले. मग दोघं सायबर पोलिसांकडे गेली. तिथल्या अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, मजकूर आणि पार्टीचा नंबर ठेवून घेतला. “अजून कुणाचं काही गेलेलं नाही ना?” त्यानं विचारलं. 

“आई, तू फक्त वाचलंस,” रात्री वरद म्हणाला. हरिओमही पोलिसांकडे जाताना जिन्यात हेच म्हणाला होता. बाई नाही म्हणून मान हलवत होत्या. पुढचे दिवस त्या घरात एका जागी बसल्या नाहीत. डाळ निवडायला घ्यायच्या, अर्धी टाकून गॅलरीत जायच्या. मालविकाच्या फोनवर एक दिवस तो व्हिडिओ आलाच. लाघवी, सावकाश, एकाही जागी न अडखळणारा आवाज. मालविकानं त्याची तक्रार केली, तो एका ठिकाणाहून निघाला आणि दुसऱ्या नावानं दुसरीकडे आला.

आणि मग अनोळखी नंबरवरून फोन आला.

“हॅलो,” बाई म्हणाल्या. 

“हॅलो, कोण बोलतंय?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“ऋतुजा. एस.टी.तली.” मुलीचा आवाज बसला होता. “तुमचा तो दुसरा मेसेज, नंबर दिलेला, तो आज सकाळी आला मला. ते चौकटीवालं परवाच आलतं.”

बाईंनी भिंतीला हात टेकवला. “भरलेस?”

“भरले. घडीभरात सगळं गेलं.” ती थांबली. “काकू, ते तुम्हीच बोलल्या होत्या ना? का मशीननं केलतं? भाऊ म्हणतो मशीननं करतेत आता.”

‘हो, मशीननंच’ म्हणणं किती सोपं होतं.

“मीच वाचलं होतं, ऋतुजा. त्याच दिवशी, गाडीत तुझ्याशेजारी बसायच्या आधी.”

“मंग गाडीत का न्हाई सांगितलं?”

“खात्री नव्हती. सांगायला हवं होतं.”

 बाईंना वाटलं, आता ती फोन ठेवेल. पण ती म्हणाली, “त्या बाईचं नवीन काम आलंय. उद्या मोबदला टाकते म्हणली. जुन्या पाकिटात आला की त्योबी जाईल ना?”

“जाईल. ते पाकीट सोडून द्यायचं. नवीन उघडायचं, नवीन शब्दांचं.”

“व्हिडिओ लावू वाटत न्हाई मला आता. भीती वाटते. कुणाला विचारू?”

 “मी सांगू? माझं ऐकायचं की नाही, ते तू ठरव.”

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला, कुणीतरी तिला हाक मारली, तिनं “आले” म्हटलं. मग म्हणाली, “सांगा.”

बाई जमिनीवरच बसल्या. समोर काही नव्हतं. हरिओमनं दाखवलेलं डोळ्यांपुढं आणून त्या बोलत गेल्या. साइटचं नाव तिच्याकडून एकेक अक्षर वाचून घेतलं. मुलीनं एका ठिकाणी घाई केली, तर तिला मागं आणलं. पासवर्ड मनातच ठेव, म्हणाल्या. खोलीत कुणी आहे का, विचारलं. ती उठून दार लावून आली.

“आलं काकू. बारा शब्द आले. पयला हाय...”

“थांब!”

एवढ्या मोठ्यानं त्या आयुष्यात कधी ओरडल्या नव्हत्या. आतून मालविका धावत आली.

“वाचू नकोस,” बाई हळू म्हणाल्या. “मला ऐकू देऊ नकोस.”

“तुम्हालाबी न्हाई?”

“मला तर नाहीच. कागद घे, पेन घे. क्रमानं लिही, दोनदा तपासून बघ. मी फोन ठेवते.”

“मंग पुढचं कोण सांगणार?”

“पुढं ती साइटच तुला विचारेल, शब्द बरोबर लिहिलेत का म्हणून. येईल तुला. ठेवते आता.”

त्यांनी फोन बंद करून पालथा ठेवला. मालविकानं विचारलं, “काय झालं आई? कुणाचा होता?” बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. तिकडे शिरूर अनंतपाळला दार लावलेल्या खोलीत एक मुलगी लिहीत होती. जणू इथं कुणी बोललं तर तिचा क्रम चुकला असता.

मालविका तशीच शेजारी बसली. खूप वेळानं फोन एकदा थरथरला. बाईंनी तो उलटून पाहिला.

‘झालं’ एवढंच लिहिलं होतं. काकू नव्हतं, खाली नाव नव्हतं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. उत्तर लिहायला बोट पुढं झालं, आणि मग त्यांनी ते मागं घेतलं.