हॉटेलपर्यंतची ड्यूटी

श्रीपतने पाटी मुद्दाम जरा उंच धरली होती. बाकीचे ड्रायव्हर विमानतळाच्या कठड्याला टेकून मोबाइल बघत उभे होते. श्रीपत मात्र पांढऱ्या गणवेशात ताठ उभा होता. पाटीवर वर हॉटेलचं नाव होतं आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, मि. भूपेश चुरी.

काचेचा दरवाजा सरकला आणि भूपेश ट्रॉली ढकलत बाहेर आला. आधी त्याला आपलं नाव दिसलं आणि तो खुशीत पुढे आला. मग त्याने पाटी धरणाऱ्याकडे पाहिलं आणि तो जागीच थांबला. मागून येणाऱ्या बाईची ट्रॉली त्याच्या टाचेला लागली.

“दादा,” तो म्हणाला.

“वेलकम टू मुंबई, सर. बॅग द्या.”

धाकट्या भावाला सर म्हणायची तालीम श्रीपतने वसईजवळच्या वटारहून, घरून निघाल्यापासून केली होती. जिभेला जड जाईल असं त्याला वाटलं होतं, पण शब्द सहज आला. भूपेशचा चेहरा उतरलेला पाहून त्याला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

आई पौषात गेली होती. भूपेश तिला सिंगापूरहून खांदा द्यायला आला नाही. तिकीट मिळत नाही म्हणाला आणि सगळं मोबाइलवर बघून हमसाहमशी रडला. तेव्हा श्रीपतनेच त्याची समजूत घातली होती. त्याआधी वर्षानुवर्षं भूपेशला सुट्टी मिळत नव्हती. आई गावभर सांगत फिरायची, माझा पोर मोठ्या हुद्द्यावर हाय, साहेब लोक सोडत नाय त्याला. आणि मग गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये चहा पिताना केनीने विचारलं, चुरी नावाचा एक पॅसेंजर दरसाल येतो, तुझा कोन लागतो काय? केनी श्रीपतच्याच गाड्यांच्या एजन्सीचा जुना ड्रायव्हर. त्याने मोबाइलवर आलेली नवी ड्यूटी दाखवली. नाव, कंपनी, हॉटेल, सगळं बरोबर होतं. दर वर्षी भूपेश मुंबईत येत होता, समुद्रासमोरच्या हॉटेलात राहत होता, कंपनीच्या मीटिंगा करत होता आणि वसईकडे न फिरकता परत जात होता.

श्रीपतच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आई ओटीवर बसून ज्याची वाट बघायची, तो इथेच गार खोलीत पाय पसरून बसलेला असायचा. श्रीपतने केनीकडून ती ड्यूटी मागून घेतली. भावावर हात उचलायचा नाही, हे त्याने आधीच ठरवलं होतं. मार खाल्ला की माणूस मोकळा होतो, आणि भूपेशला मोकळं करायची त्याची तयारी नव्हती.

गाडीचं दार उघडून त्याने भूपेशला मागे बसवलं. भूपेश पुढे बसायला निघाला होता, पण श्रीपतने गेस्टनी मागेच बसायचं असतं असं नम्रपणे सांगितलं. एसी ठीक आहे का, हे विचारलं. पाण्याची बाटली कुठे आहे तेही सांगितलं. गाडी विमानतळाच्या पुलावरून उतरली. मग भूपेशने वैनी कशी आहे, वाडीत केळी कशी आहेत, असं एकेक विचारायला सुरुवात केली. श्रीपतने प्रत्येक वेळी ‘सगळं उत्तम, सर’ एवढंच उत्तर दिलं. गावची बोली त्याने आज दाराच्या बाहेर ठेवली होती.

“मधल्या खणात खायला ठेवलंय, सर. घ्या ना. कॉम्प्लिमेंटरी आहे.”

भूपेशने खण उघडला. आत सुकेळीची पुडी होती. वाडीतली राजेळी केळी उन्हात वाळवून, वाळक्या पानात घट्ट गुंडाळून, वरून केळीच्या खोडाच्या सोपटाच्या दोरीने बांधलेली. आई दर वर्षी अशी एक पुडी डब्यात वेगळी ठेवायची. ती भूपेशची. तिला घरात कुणी हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी नवी पुडी आली की जुनी काढायची, असा तिचा नियम होता. निघताना श्रीपतने ही पुडी डब्यातून काढली तेव्हा त्याची बायको लतिका दारात आडवी आली होती. द्यायची तर भावाला द्या, तोंडावर मारू नका, असं ती म्हणाली. श्रीपतने तिचं ऐकलं नव्हतं.

आरशात भूपेश पुडीकडे बघत होता.

“आईची?” त्याने विचारलं.

“दिवाळीनंतर वाळवली होती. शेवटचीच. खा, सर.”

हा घाव वर्मी बसला. भूपेशने तोंड काचेकडे फिरवलं. गाडी सागरी सेतूवर आली. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलू लागला. पहिल्या वर्षी खरंच वेळ नव्हता, म्हणाला. दुसऱ्या वर्षी आईला काय सांगायचं ते सुचलं नाही. नंतर लाज वाटू लागली आणि लाजेपायी दर वर्षी नवं खोटं बोलत गेला. श्रीपत ऐकत होता आणि गाडी सरळ ठेवत होता. त्याला भावाची जराही दया आली नाही, किंबहुना आली नाही याचंच त्याला समाधान वाटत होतं.

“दादा, गाडी वळव. वटारला चल. घरी ने मना.”

याच वाक्यासाठी श्रीपतने ही ड्यूटी घेतली होती.

“बुकिंग हॉटेलपर्यंतचं आहे, सर.”

 भूपेशने पुडीच्या गाठीचं एक टोक नेमकं धरून ओढलं आणि दोरी अख्खीच्या अख्खी सुटली. श्रीपतने आरशात पाहिलं. त्याला स्वतःला ती गाठ कधीच सुटत नसे, तो सरळ कोयता घालायचा आणि आई ओरडायची. भूपेशने एक सुकेळं काढलं आणि सावकाश, डोळे मिटून खाल्लं. डोळे पुसून त्याने पान पुन्हा दुमडलं, वरून दोरी फिरवली, टोक आत खोचलं आणि तशीच्या तशी गाठ मारली. बघायचीसुद्धा गरज पडली नाही त्याला. लहानपणी श्रीपत बापाबरोबर वाडीत पाणी लावायचा आणि भूपेश ओटीवर आईच्या मांडीला मांडी लावून पुड्या बांधायचा. त्याची बोटं बारीक म्हणून आईच त्याला बसवून घ्यायची. ते सगळं श्रीपतला आठवलं, आणि आठवायला नको होतं.

हॉटेलच्या पोर्चमध्ये दरवानाने दार उघडलं. भूपेश उतरला, पण आत गेला नाही. खिडकीशी येऊन त्याने पुडी पुढे केली.

“एकच खाल्लं. बाकीची वैनीला दे. घरात आईचं कायतरी राहू दे.”

श्रीपतचा हात पुडी घ्यायला उचलला गेला होता. पण भावाकडून काही घ्यायचं म्हणजे त्याचं देणं मान्य करायचं, आणि आज ते होणार नव्हतं.

“गेस्टसाठी असतं ते, सर. ठेवा तुम्ही.”

भूपेश पुडी छातीशी धरून पायऱ्या चढला. एकदाही मागे वळला नाही. श्रीपतने मनात म्हटलं, झालं. उट्टं निघालं. तो गाडी पुढे घेऊन रस्त्याच्या कडेला थांबला. पुढच्या गेस्टसाठी मागची सीट झाडायची होती.

सीटवर सोपटाचा एक तुकडा पडला होता, दोरीतून निसटलेला, वीतभर. तो त्याने उचलला. आता घरचा डबा रिकामा होता आणि लतिका विचारणार होती. त्याने तुकडा बोटाभोवती फिरवला, टोक आत खोचलं आणि ओढलं. सगळं सुटून हातात आलं. त्याने पुन्हा फिरवलं. ही गाठ येणारं घरात आता एकच माणूस उरलं होतं आणि ते वर हॉटेलच्या कुठल्या तरी मजल्यावर होतं.

मोबाइल वाजला. नवी ड्यूटी होती, परत विमानतळ. मागून हवालदाराने गाडी काढायची खूण केली. श्रीपतने ‘काढतो, काढतो’ म्हणून हात दाखवला आणि तो तुकडा तसाच बोटाला गुंडाळून पुन्हा टोक शोधू लागला.