मेलेला माणूस कट म्हणत नाही

मी सिनेमाची एक जुनी पाटी आहे, आणि मला राग आला आहे. मित्रांनो, गोड आवाजात सांगणं मला जमणार नाही. माझा जन्मच तोंड आपटून घेण्यासाठी झाला.

कॅलिफोर्नियातल्या एका सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं. अंगाला काळा रंग, डोक्यावर बिजागरीची पट्टी. दृश्याआधी माझ्यावर खडूने क्रमांक आणि दिग्दर्शकाचं नाव लिहीत, ते मोठ्याने वाचत आणि पट्टी आपटून टाळी देत. नंतर कात्री लावून मला फिल्ममधून काढून टाकत. त्याचं मला काही वाटत नाही, ते माझं कामच.

कॅल स्ट्रॉडला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गोळी लागून घोड्यावरून पडायचा. चौदा सिनेमांत मेला, नाव एकातही आलं नाही. डब्यातले थंड बीन्स खात तो हेस्टरला म्हणायचा, "नाव नसलं की माणूस मेला काय नि जगला काय, सारखंच." हेस्टर मॅकब्राइड मला धरायची आणि प्रत्येक दृश्याची नोंद ठेवायची. कुणाची टोपी कुठे होती, हे सगळा सेट तिलाच विचारायचा.

पुढे कॅल नायक झाला, मग दिग्दर्शकही. पण कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्याला स्वतःचं काम दिसत नाही. तो हेस्टरकडे बघायचा. तिने नकाराची मान हलवली की पुन्हा करायचा.

एकदा वाळवंटात त्याच्या मरणाचं दृश्य होतं. "आधी टाळी नको, माझी लय मोडते. शेवटी दे," तो म्हणाला. अशा वेळी शेवटी पाटी उलटी धरून टाळी देतात. कॅल झकास मेला. कॅमेरा चालूच राहिला. कट म्हणायचं ते दिग्दर्शकाने, आणि दिग्दर्शक तर वाळूत मरून पडलेला. शेवटी हेस्टरने मला उलटी धरली, टाळी दिली आणि स्वतःच म्हणाली, "कट."

कॅल धूळ झटकत हसला. "बरोबर आहे. मेलेला माणूस कट कसं म्हणणार? यापुढे मी मेलो की तूच म्हणायचं."

त्यानंतर तो ज्या ज्या दृश्यात होता, ते ते तिनेच बसवलं. त्याने स्वतःच्या हाताने माझ्यावर लिहिलं: दिग्दर्शन, स्ट्रॉड आणि मॅकब्राइड. "पडद्यावरही असंच येणार," असा शब्द दिला.

पडद्यावर एकच नाव आलं. सिनेमाला मोठं बक्षीस मिळालं. कॅलने मंचावरून आईचे आभार मानले, कंपनीचे मानले, आणि बिस्किट नावाच्या आपल्या घोड्याचेही मानले.

"पुढच्या वेळी नक्की, हेस्टर," दुसऱ्या दिवशी तो नजर चुकवत म्हणाला. "कंपनीवाले ऐकत नाहीत गं."

"घोड्याचं बरं ऐकतात," ती म्हणाली. वही मिटून निघून गेली ती पुन्हा आली नाही.

नाव नसण्याचं दुखणं ज्याने चौदा वेळा भोगलं, त्यानेच ते दुसऱ्याच्या माथी मारावं! मला हात असते तर त्या दिवशी त्याच्याच कानाखाली टाळी वाजवली असती. त्याने मला एका पेटीत टाकलं. तुटक्या रिकिबींच्या सोबतीत तीस वर्षं मी तोच राग चघळत राहिले.

कॅल वारला. कंपनीने शोकसभा ठेवली, मला धुऊनपुसून काढलं आणि त्याचं एकट्याचं नाव पांढऱ्या तेलरंगात रंगवलं. खडू पुसला जातो ना, म्हणून. सभेची सुरुवात टाळीने करायला जुनं माणूस हवं होतं, तेव्हा त्यांना हेस्टर आठवली. ती एक्याऐंशी वर्षांची झाली होती. तिच्या बोटांनी माझी बिजागरी लगेच ओळखली.

तिने मला उलटी धरली.

"बाई, पाटी उलटी आहे," कंपनीचा माणूस कुजबुजला.

"सुरुवातीला राहून गेलेली टाळी शेवटी अशीच देतात, पोरा," ती म्हणाली आणि मोठ्याने वाचू लागली, माझ्यावर नसलेलंही: "दिग्दर्शन, स्ट्रॉड आणि मॅकब्राइड."

तिने माझं तोंड असं आपटलं की तेलरंगाचा टवका उडाला.

मित्रांनो, मला खुशाल पुसा, पण आधी वाचा. आणि कुणाची टाळी राहून गेली असेल तर ती देऊन टाका. एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत थांबायला लावू नका.

माझी पट्टी अजून थरथरत होती. हेस्टरने कॅलच्या तसबिरीकडे पाहिलं आणि ठरल्याप्रमाणे ती म्हणाली, "कट."