अक्षरांच्या भाकऱ्या

मी एक जुनी काठवट आहे, मित्रांनो. पण जुनी म्हटलं म्हणून लगेच नाकं मुरडू नका! हातखंब्याच्या सुताराने फणसाच्या ओंडक्यातून मला कोरून काढलं, तेव्हा मी अशी पिवळीधमक होते की बघणारे थांबून बघत.

भागोजीने मला डोक्यावर घालून घरी आणलं. त्याची बायको मालन माहेरी दोन यत्ता शिकलेली. भाकरीसाठी ती माझ्यात तांदळाचं पीठ घेई, तळव्याने सारखं करी आणि लेकीला हाक मारी, "सखू, ये गो! आज कुठलं अक्षर खायचं?"

सखू बोटाने 'क' काढी. त्याचं पोट सुटलं की मालन म्हणे, "हा जेवून आलेला दिसतोय!" मग पाणी पडे आणि अक्षराची भाकरी होई.

सखू सहा वर्षांची झाली. जयगडच्या आत्याला तान्हं मूल सांभाळायला कुणीतरी हवं होतं. भागोजी म्हणाला, "मास्तरांनी शाळेत घेतली तर ठीक, नायतर जाऊ दे जयगडला." त्या दिवशी मालनने पीठ फार जोरात मळलं.

मास्तर घरी आले. त्यांनी पाटी पुढे केली आणि सखू जी थिजली! एक रेघ उमटेना.

"पुढच्या वर्षी बघू," म्हणत मास्तर उठले.

"रिकाम्या पोटी जाऊ नका, मास्तर. भाकरी टाकते," मालन म्हणाली. तिने माझ्यात पीठ ओतलं, सारखं केलं. सखू सवयीने सरकली आणि क, म, ग, र... बोट थांबेचना! मास्तर माझ्यापाशी उकिडवे बसले.

"अगो, मग पाटीने काय घोडं मारलं?"

"पाटीवर चुकलं तर सगळ्यांना दिसतं. पिठातलं चुकलेलं आम्ही खाऊन टाकतो," सखू म्हणाली.

मास्तर खो खो हसले. पाटीवर मुद्दाम वेडावाकडा 'क' काढून त्यांनी तिच्या हाती ओलं फडकं दिलं. "पूस बघू. गेला ना? सोमवारपासून शाळेत ये."

"म्हणजे जयगडला पोर खेळवायला आता मीच जातो!" भागोजी म्हणाला. मालन इतकी हसली की डोळ्यांतलं पाणी पिठात पडलं. माझाही जीव भांड्यात पडला, म्हणजे मीच भांडं, पण तरी पडला!

आता घरात चकचकीत परात आली आहे. मी कोंडा सांभाळत कोपऱ्यात असते. मित्रांनो, मला उन्हात टाकू नका, तडा जातो. आणि घरात लहान पोर असेल तर पिठात पाणी ओतायची घाई करू नका. आधी त्याचं बोट फिरू द्या. वाकड्या अक्षराची भाकरीसुद्धा गोलच होते.