कळशी घेऊन नाचणारा

लूर्डसचं लग्न झालं ते २०२४ साल. ईस्टरच्या आधीचा उपासकाळ लागायच्या आत लग्नं उरकायची, म्हणून पाचूबंदरच्या कोळीवाड्यात त्या आठवड्यात तीन मांडव उभे होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, विहिरीचं पाणी वाजतगाजत घरी आणत होते. नवरीचा बाप बेनेडिक्ट तांडेल ओट्यावर बसून नाचणाऱ्यांचे पाय बघत होता. होडीवर माणूस घ्यायचा तो त्याचा नाच बघून, ही त्याची जन्माची रीत. बाजा एकच, पण बँकेतला माणूस खांद्यातून हलतो, मुंबईचा पाहुणा नुसत्या बोटांतून, आणि दर्यावरचा गुडघ्यातून. ज्याचे गुडघे तालाला लवतात तो लाटेवरही उभा राहतो.

त्याचा थोरला, नेल्सन, डोक्यावर भरली कळशी घेऊन नाचत होता. त्याचा डावा पाय तालाच्या मागून येत होता. थोडासाच. कुणी घोटा धरून ठेवल्यासारखा.

बेनेडिक्ट उठून जवळ गेला आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारू नव्हती. तेव्हा मात्र तो म्हणाला,

"मंगळवारी होडीवर येऊ नको. आधी डॉक्टरला पाय दाखव."

"पायाला काय झालं, पपा?"

"मागं पडतोय."

"पाय नाय, तुमचे कान मागं पडले आता!"

सगळे खो खो हसले. नेल्सनला चेव आला. "पानी सांडलं तर तुमचं ऐकीन!" म्हणत त्यानं बाजा वाढवायला लावला आणि गरकन गिरकी घेतली. थेंब सांडला नाही. शिट्ट्या पडल्या.

बेनेडिक्टला मात्र एक दिसलं. होडीवरचाच गडी क्लेटन शेजारी नाचत होता, आणि गिरकीभर त्यानं नेल्सनच्या कोपराला खालून हात दिला होता.

शब्द ओठांवर आले. पण कळशी उंबऱ्याशी पोचली होती, आणि पाणी घरात येताना वाकडं बोलू नये. उद्या सांगू, मनाशी म्हणाला. उद्या लग्न होतं. परवा पाहुणे होते. शिवाय एक गडी कमी घेऊन होडी कशी न्यायची, हेही मनात होतंच.

मंगळवारी दर्या ताटासारखा होता. जाळं ओढताना क्लेटन होडीच्या दुसऱ्या टोकाला होता. सुकाणूवरून बेनेडिक्टनं पाहिलं: सगळ्यांनी एका दमात पाय टाकला, आणि एक पाय मागं राहिला.

नेल्सन बेनेडिक्ट तांडेल, वय अडतीस, सहा फेब्रुवारी २०२४ रोजी सकाळी होडीवरून पाण्यात पडून वारला.