दोन टाळ्या

"माळ पुरी होईस्तोवर तोंड उघडायचं नाय, वने. घर पेटलं तरी नाय!"

नेम देताना सासूबाईंनी हे बजावून सांगितलं होतं. त्या जाऊन अकरा वर्षं झाली, पण वनितानं सकाळची माळ एकदाही मोडली नव्हती. साडेसहा ते सात तिच्याशी बोलून उपयोग नाही, हे पळसदरीत शेजारपाजारच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या सकाळी ती देवापुढं बसली होती आणि थोरली जाऊ शकू शिडी लावून माळ्यावरची आमसुलांची बरणी काढत होती. जमीन जराशी थरथरली. घरामागूनच रेल्वेची लाइन. घाट चढणारी मालगाडी गेली की फडताळातली भांडी रोजच वाजायची. शकूचं लक्षही गेलं नाही. पण वनिताला गाडी काही ऐकू आली नाही. तांब्यातलं पाणी मात्र हेलकावत होतं. म्हशीनं भिंतीला पाठ घासावी तसं काहीतरी पाटाखालून सरकत गेलं आणि थांबलं. बाहेर एकही पाखरू ओरडत नव्हतं.

"बाय, खाली उतर." एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांशी आले, ते तिनं गिळले. माळ मनगटात अडकवून दोन टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवतेस गं? आरतीला वेळ हाय अजून!" शकू वरून हसली.

तेवढ्यात मोठा धक्का आला. आधाराला हात टाकावा तर भिंतच हलत होती. कौलं खडखडली. जिच्यावर जन्मभर बिनघोर पाय टाकला, ती जमीनच परकी झाली. शिडी एका अंगावर गेली. वनिताच्या तोंडून किंकाळी फुटली, तोवर शकू खाली आदळली होती.

खुब्याचं हाड मोडलं. कर्जतला ऑपरेशन झालं. भेटायला येणारे म्हणत, "भूकंपापुढं कुणाचं काय चालतंय?" वनिता मान हलवायची, पण जेवणाचं ताट तसंच बाजूला सारायची. पाचव्या दिवशी खोलीत दोघीच होत्या, तेव्हा तिनं सांगून टाकलं.

"बाय, मला आधी कळलं होतं. माळ मोडंल म्हणून बोलले नाय."

शकूनं पंख्यावरची नजर तिच्याकडं वळवली.

"म्हणून टाळ्या?"

"हां."

"अगं येडे, नेम देणाऱ्या आत्याबाय असत्या तर त्यांनीच पयली बोंब मारली असती."

वनिताला रडू फुटलं. शकूनं तिला रडू दिलं. हात काही पुढं केला नाही. मग म्हणाली, "माझ्या बाचं बघशील?"

शकूचे वडील भिवाजी धरणापलीकडं एकटेच राहत. डोळ्यांनी दिसत नव्हतं. शकूच रोज त्यांना भाकरी पोचवायची.

"त्या दिसापासून बा घरात पाय टाकत नाय म्हणं. उजाडलं की अंगणातून हाका मारत बसतो. भाकरी कुणीबी देईल. त्याला बोलणारं माणूस पायजे. हाताला धरून भिंती दाखवायच्या, घर उभं हाय म्हणून सांगायचं. जाशील?"

"जाईन."

"उजाडताच जायचं, वने. तुझ्या माळंची येळ."

"जाईन म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सहाला तिनं भाकऱ्या फडक्यात बांधल्या. देवाला उभ्यानंच हात जोडले. दार हळूच ओढून घेतलं आणि भिवाजीमामांशी पहिलं वाक्य काय बोलावं, ते मनाशी जुळवत धरणाच्या वाटेला लागली.