भाव उतरेपर्यंत

त्या रविवारी सकाळी आई आणि रुचिरा जेवणाच्या टेबलाशी बसून बिरडं सोलत होत्या. मोड आलेले वाल गरम पाण्यात पडले होते. एकेक चिमटीत धरायचा, दाबायचा, की डाळिंबी ताटात आणि साल वाटीत. आईच्या दहा सोलून होत तेव्हा रुचिराच्या चार व्हायच्या. आणि तिचे वडील, प्रभाकर, खिडकीतल्या खुर्चीत बसून जहाजाचा भाव बघत होते.

न्यू पनवेलच्या त्या घरात गेली तीन वर्षं दर रविवारी हे असंच चालत आलं होतं. बाबांनी रसायनीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं खरेदी खातं सांभाळलं. तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी कधी बादलीसुद्धा घेतली नाही. निवृत्त झाल्यावर हाताला काही काम उरलं नाही, तेव्हा आईने एक काम दिलं. तिला मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या मोठ्या जहाजातून एकदा जायचं होतं. बाल्कनीची खोली हवी होती, बाकी काही नको.

"समुद्र किनाऱ्यावरून पुष्कळ बघितला," ती म्हणायची. "एकदा समुद्रातून किनारा बघायचाय."

बाबांनी शंभर पानी वही आणली. तारीख, वार, भाव. सुट्ट्यांत भाव चढतो, मुलांच्या परीक्षा आल्या की पडतो, हे त्यांनी पहिल्याच वर्षी शोधून काढलं. त्या वर्षी भाव पडलाही. बाबांना वाटलं, अजून पडेल. तो चढला. दुसऱ्या वर्षी पडायची वाट बघता बघता बाल्कनीच्या खोल्याच संपल्या. आता तिसरं वर्ष.

"गुरुवारी जहाज सुटायला बरोबर साठ दिवस उरतात," बाबा वहीतून मान वर न काढता म्हणाले. "तोपर्यंत एजंट लोक खोल्या अडवून बसतात. पैसे भरायची तारीख आली, की न खपलेल्या परत करतात. मग कंपनीची तंतरते. रिकामी खोली समुद्रात नेऊन त्यांना काय मिळणार?"

"वही संपत आली हो तुमची," आई म्हणाली.

"दुसरी आणू."

"ती तरी आणा एकदाची. तिचा भाव नका बघू."

रुचिरा हसली. बाबाही हसले आणि नारळ आणायला खाली गेले.

दार लागल्याबरोबर आईने हात पदराला पुसले. "तू करून टाक ना बुक," ती म्हणाली, हळू आवाजात, घरात कुणी नसताना. "माझी पोस्टातली आरडी सुटलीये, त्यातून देते मी. यांना नंतर सांगू. चिडतील दोन दिवस."

रुचिराने फोन घेतला. आईचं नाव रमा, वय सदुसष्ट, बाबांचं नाव, वय बहात्तर. बाल्कनीची खोली, दोघांचे मिळून एक लाख अठरा हजार. आई खुर्ची ओढून जवळ आली आणि चष्म्यातून पडद्याकडे बघायला लागली. पैसे भरायचं पान आलं. रुचिराचा अंगठा तिथवर गेला आणि थांबला. आज रविवार. गुरुवार चार दिवसांवर. बाबांचं गणित तिला पटलं होतं. मुलगी त्यांचीच होती. चार दिवसांसाठी पंधराएक हजार कशाला घालवायचे?

हे ती आईला सरळ सांगू शकली असती. पण मग आईचं तोंड पडलं असतं, आणि ते तिला बघायचं नव्हतं. तिने पान मागे घेतलं.

"साइट बंद पडलीये गं," ती म्हणाली. "मी करते नंतर."

"उद्या कर," आई म्हणाली आणि पुन्हा वाल सोलायला लागली. "विसरू नकोस मात्र."

दुपारी बिरडं, भात आणि सोलकढी झाली. उरलेल्या डाळिंब्या आईने डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवल्या, बुधवारी उसळ करीन म्हणाली. रुचिरा संध्याकाळच्या बसने ठाण्याला गेली. सोमवारी सकाळी सात वाजता आई दूध तापवताना ओट्यापाशी खाली बसली, आणि बाबांनी हाक मारली तेव्हा उठली नाही.

*

रुचिरा एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. तिने आयुष्यात पुष्कळ वाचलं होतं आणि वाचलेल्यात माणसं पुष्कळ मेली होती. पण घरात माणूस गेल्यावर इतकी शिसारी येते, हे तिला कुठे वाचल्याचं आठवेना. रडू येईल असं तिला वाटलं होतं. ते येईचना. येत होती ती नुसती किळस.

भेटायला येणाऱ्यांची तर जास्तच. दोन मिनिटं माना खाली घालून बसायचे आणि तिसऱ्या मिनिटाला नव्या विमानतळाचा विषय निघायचा. आता इथल्या फ्लॅटचे भाव कुठे जातील, आणि प्रभाकररावांनी हा फ्लॅट कसा वेळेवर घेतला. एक बाई चहा पिता पिता आईच्या कपाटाकडे बघत म्हणाली, "साड्यांचं काय करणार? मऊ असतील ना?" रुचिराने कप उचलून आत नेला आणि नळाखाली इतका वेळ धरला की बोटं गार पडली.

गुरुवारी सकाळी घरात फक्त जवळची माणसं होती. आईचा भाऊ गुरुदत्तमामा आणि भावनामामी आपट्याहून आले होते. बाबा खिडकीतल्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या हातातला फोन वाजला. त्यांनी बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते रुचिरा कधी विसरणार नव्हती. तो आनंदच होता. क्षणभरच, पण आनंद.

"उतरला," ते म्हणाले, स्वयंपाकघराकडे तोंड करून. "अगं, उतरला. एक लाख चार."

स्वयंपाकघरात मामी तांदूळ निवडत होती. ती बाहेर आली, बाबांकडे बघितलं, आणि तोंडाला पदर लावून परत आत गेली.

"मी म्हणत होतो," बाबा कुणालाच उद्देशून म्हणाले. मग त्यांनी फोन बाजूला ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा घेतला. "एकट्याने गेलं तरी दोघांचेच पडतात म्हणा," ते म्हणाले.

रुचिरा उठली, फ्रीज उघडला, पाणी घ्यायला, आणि मागे तो डबा दिसला. डाळिंब्या बुळबुळीत झाल्या होत्या. झाकण काढल्यावर आंबूस वास आला आणि बोटाला तार लागली. आईने एकेक करून सोललेल्या. तिने डबा तसाच पिशवीत बांधला आणि कचऱ्यात टाकला. मग हात साबणाने तीनदा धुतले. वास जाईना.

मामी तिच्याजवळ येऊन उभी राहिली. "कवडीचुंबक माणूस," ती दात आवळून म्हणाली. "ताईंनी जन्मभर ऐकलं याचं. आणि आता बघ, त्या गेल्या तरी ह्याचं भाव बघणं चालूच."

मामी बोलत होती ते खोटं नव्हतं. पण तेवढंच खरं नव्हतं. आणि जे बाकीचं होतं, ते रुचिराच्या खिशात थरथरलं.

तिने फोन काढला. जहाज कंपनीचा निरोप होता. रविवारी अर्धवट भरलेल्या फॉर्मवरून त्यांनी नाव उचललं होतं.

'रमा, तुमची बाल्कनी तुमची वाट बघते आहे! तुम्ही थांबलात ते बरं केलंत. आजपासून खास सवलत.'

खाली निळं पाणी, टोपी घातलेली एक बाई, हातात शहाळं. रुचिराने निरोप पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी आणखी एक आला. त्यानंतर रोज. 'रमा, विसरलात की काय?' 'रमा, शेवटच्या सहा खोल्या!' बंद करायचं बटण होतं, ते दाबलं की 'तुम्ही चाललात याचं आम्हाला दुःख आहे' असं येई आणि सकाळी पुन्हा रमा. तिला त्या कंपनीची किळस आली. मग बाबांची. त्याच्या तळाशी आणखी एक किळस होती, पण तिच्याकडे ती बघत नव्हती.

आईचं औषधांचं खोकं आवरताना गोळ्यांच्या तीन पट्ट्या निघाल्या. बोट लागून उलट्या होऊ नयेत म्हणून घ्यायच्या गोळ्या. पहिलीची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. दुसरीची गेल्या जूनमध्ये. तिसरी नवी, पावतीसकट, डिसेंबरातली. दर वर्षी जुनी मुदतबाह्य झाली की आई कुणाला न सांगता खाली दुकानात जाऊन नवी आणत होती. त्या पट्ट्या मामीने बघितल्या, मामाला दाखवल्या, आणि तासाभरात सगळ्या नातेवाइकांत झालं. प्रभाकररावांनी बायकोला तीन वर्षं झुलवलं. जो येई तो बाबांकडे त्या नजरेने बघायचा. बाबा मान खाली घालून बसायचे. रुचिरा त्या खोलीत असायची आणि गप्प बसायची. तिला हे सोयीचं जात होतं, आणि हे तिला कळत होतं.

*

दहावा आपट्याला करायचं ठरलं. आईचं माहेर ते, पाताळगंगेच्या काठी. पाणी कमी झालं होतं आणि दगड उघडे पडले होते. बाबा ओल्या धोतरात बसले होते. त्यांच्या बरगड्या दिसत होत्या. भटजींनी सांगितलं तसं त्यांनी पिंड ठेवले. सगळे मागे सरकले.

समोरच्या करंजावर चार कावळे होते. एक खाली उतरला, दगडावर बसला, पिंडाकडे मान तिरकी करून बघितलं, आणि तिथेच बसून राहिला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. रुचिराचा यातल्या कशावर विश्वास नव्हता. कावळ्याला भूक असेल तर तो खाईल, नसेल तर नाही, हे तिला माहीत होतं. तरी तिची नजर त्या दगडावरून हलेना.

"भाचीचं लग्न नीट लावून देईन गं ताई," मामा हात जोडून म्हणाला.

कावळा बसलेलाच.

"तुमचा हिरवा शालू मी कुणाला देणार नाही," मामी म्हणाली. रुचिराने मान फिरवली. शालू कालच मामीच्या पिशवीत गेला होता.

घाटावरचा गणू हे रोज बघायचा. तो पिंपळाखाली उकिडवा बसला होता. "असा वरवरचा नको," तो म्हणाला. "मयताचा काय राहिला आसंल ता बोला. आनि मोठ्यानी बोला. आमी रोज बघताव."

सगळे बाबांकडे बघायला लागले. काय राहिलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं.

"भाऊजी, बोला आता," मामा म्हणाला.

बाबांनी हात जोडले. "रमा," ते म्हणाले. खाकरून पुन्हा म्हणाले, "रमा, मार्चच्या जहाजाने मी जातो. तुझा फोटो घेऊन जातो. बाल्कनीचीच खोली घेतो. शेवटच्या आठवड्यात अजून एकदा उतरेल, की लगेच..."

ते थांबले. उशीर झाला होता. मागे कुणीतरी फसकन हसलं.

"शी!" मामी म्हणाली, मोठ्याने. "इथेसुद्धा! अहो, लाज वाटू द्या थोडी! माणूस गेलंय, पिंड मांडलेत समोर!"

बाबा मागे वळले. धोतर पोटऱ्यांना चिकटलं होतं. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, खरेदीच्या कागदांत कुठे चूक झाली ते सापडत नसावं तसं.

"सवय आहे हो," ते म्हणाले. "तोंडातून गेलं. मी तिला थांब म्हणायचो, हे खरं आहे. पण ती कधी म्हणाली नाही. आता पुरे, घेऊन टाका, असं एकदा तरी म्हणायला हवं होतं तिने. म्हणाली असती तर मी घेतली नसती का?" मग ते रुचिराकडे वळले. "तूच सांग. ती म्हणाली होती का कधी?"

मामी काहीतरी बोलायला लागली होती, मामाने तिला हाताने थांबवलं. सगळे रुचिराकडे बघत होते. बाबांचे ओठ थंडीने निळे पडले होते. आता नुसतं नाही म्हटलं की संपत होतं. मग ते पुढची सगळी वर्षं, प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशाला, तीन वर्षं झुलवणारा माणूस म्हणून बसले असते, आणि ती शेजारी बसून त्यांना पाणी देत राहिली असती.

खिशात फोन थरथरला. तिने तो काढला नाही. कोण कुणाला बोलावत होतं ते तिला न बघता माहीत होतं. इतके दिवस जिच्याकडे ती बघत नव्हती ती किळस आता वर आली, आणि ती बाबांची नव्हती, मामीची नव्हती, कुठल्या कंपनीचीही नव्हती.

ती पुढे गेली आणि बाबांच्या शेजारी, ओल्या दगडावर, पिंडासमोर उभी राहिली.

"म्हणाली होती," ती म्हणाली.

"मोठ्यानी, ताई," गणू मागून म्हणाला.

"आई, साइट बंद पडली नव्हती," रुचिरा मोठ्याने म्हणाली. "चालू होती. तुझं नाव, वय, सगळं भरून झालं होतं. तू माझ्या शेजारी बसली होतीस. पैसे भरायचे तेवढे राहिले होते, आणि मी पान मागे घेतलं. गुरुवारी भाव उतरेल म्हणून. तू बाबांना नाही, मला सांगितलंस, आणि मी तुला खोटं सांगितलं. यांना यातलं काही माहीत नाही. शेवटी यांनी नाही थांबवलं तुला, आई. मी थांबवलं."